भाची निवडणुकीला उभी राहते तेव्हा...

‘मामा, मी इलेक्शनला उभी राहू काय?’

२०२४ सालची गोष्ट. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आपल्या बेळगावात दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, हे काही वाचकांना सांगायला नको. रात्रभर जागून सकाळी घरी आलो होतो. दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच भाचीचा फोन आला आणि तिने हा प्रश्न टाकला. मला वाटले, झोपेत काहीतरी भलतेच ऐकतोय. ही पोरगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज कर्नाटकातच, पण बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघावे तेव्हा सकाळी पोचावे इतके लांब. तिथल्या विद्यार्थी कौन्सिलच्या सेक्रेटरीपदासाठी अर्ज भरायचा होता आणि शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती.

संध्याकाळपर्यंत बातमी घरभर झाली. माझी आई म्हणाली, ‘तिला डॉक्टर व्हायला पाठवलंय की पुढारी व्हायला?’ ताईला अभ्यासाची काळजी. पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी असे तीन जाडजूड विषय त्याच वर्षाला असतात आणि हजेरीचा धाक वेगळा. भाऊजी गोकाककडचे. त्यांच्या घरची भाषा कन्नड, आमच्या घरची मराठी आणि भाचीच्या दोन्ही. त्यांनी एवढेच विचारले, ‘यार यार निंतार?’ कोण कोण उभे आहेत? मला तो प्रश्न सगळ्यांत शहाणपणाचा वाटला. अभ्यासाचे नुकसान होईल तेवढे होईल, पण मुलगी कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरोधात उभी राहते आहे, हे बापाला आधी कळायला हवे होते.

आमच्या पिढीने मतपेटी पाहिलीच नाही

खरे सांगायचे तर मला तिला काय सल्ला द्यावा तेच कळेना. मी गेली कित्येक वर्षे कॉलेजात शिकवतो आहे. त्याआधी धारवाड विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडलो. पण कॉलेजातली खरीखुरी निवडणूक मी विद्यार्थी म्हणून कधी अनुभवलीच नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकात विद्यार्थी संघाच्या निवडणुका बंद झाल्या. आम्ही कॉलेजात गेलो तेव्हा सर वर्गात येऊन ‘तू सीआर’ म्हणून बोट दाखवायचे आणि तो बिचारा वर्षभर खडू-डस्टर आणायचा. पलीकडे महाराष्ट्रातही १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मतदान गेले आणि परीक्षेत पहिला येणारा वर्गप्रतिनिधी होऊ लागला. पुढे २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, तोवर आमची पिढी आईबाप झालेली होती.

निवडणुका बंद झाल्या त्याला कारणेही होती. हाणामाऱ्या, बाहेरचे पुढारी, पैशांची उधळण. आमच्या काकांच्या तोंडून आम्ही त्या काळच्या गोष्टी ऐकल्या आहेत. उघड्या जीपमधून फिरणारे उमेदवार, हॉटेलात मोफत जेवणावळी आणि निकालाच्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर पोलीस. पण रोग बरा करताना रोग्यालाच घालवावे तसे काहीसे झाले. अठरा वर्षांच्या मुलाला देशाचा पंतप्रधान निवडायचा हक्क आहे, पण त्याच्या कॉलेजात त्याच्या वतीने कोण बोलणार, हे ठरवायला त्याला विचारायचे नाही, असा उलटा न्याय झाला.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल मे २००६ मध्ये आला आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरला न्यायालयाने त्यातल्या शिफारशी लागू करायला सांगितल्या. या शिफारशी पालकांनी एकदा वाचून ठेवाव्यात अशा आहेत. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत. छापील पोस्टर नाही, हाताने काढलेलेच चालेल. लाऊडस्पीकर नाही, प्रचाराला गाड्या नाहीत. राजकीय पक्षांचा पैसा नाही. हजेरी किमान ७५ टक्के हवी आणि त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळे दहा दिवसांत संपवायचे. निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यायचा. पदवीच्या विद्यार्थ्याला वयाची अट १७ ते २२, पण डॉक्टरीसारख्या लांब अभ्यासक्रमात ती शिथिल करता येते.

भाचीच्या कॉलेजात याच धर्तीचे नियम होते. ते तिने मला फोनवर वाचून दाखवले तेव्हा माझी निम्मी भीती गेली. ‘उभी राहा,’ मी म्हणालो. ‘पण रोज रात्री हिशेब लिही आणि रोज सकाळी लेक्चरला जा.’

डॉक्टरीच्या कॉलेजात कौन्सिल कशाला?

हा प्रश्न आईने मला नंतरही दोन-तीनदा विचारला. साध्या कॉलेजातली मुले दुपारी घरी जातात. डॉक्टरीची मुले जात नाहीत. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच वर्षे तेच आवार, तीच मेस, तेच हॉस्टेल आणि तेच हॉस्पिटल. पाण्याचा नळ बिघडला, लायब्ररी लवकर बंद झाली, सीनियरांनी नव्या मुलाला छळले, परीक्षेच्या ताणाने एखादी मुलगी खोलीत कोंडून बसली, तर ते सांगायचे कोणाला? आईबाप शेकडो किलोमीटरवर. डीन साहेबांच्या दारात एकट्या विद्यार्थ्याने जायचे म्हणजे पाय लटपटतात. त्यांच्या वतीने जाणारा कोणीतरी लागतो. गॅदरिंग, स्पोर्ट्स, मॅगझिन ही कौन्सिलची डोळ्यांना दिसणारी कामे. न दिसणारी कामे याहून मोठी असतात. २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांनीसुद्धा कॉलेजच्या समितीत नव्या आणि जुन्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी हवेत असे सांगितले आहे.

मुलांना याचे मोल किती वाटते, ते कोलकात्यात दिसले. तिथले मेडिकल कॉलेज १८३५ सालचे. त्या कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये विद्यार्थी संघाची निवडणूक घ्या, या मागणीसाठी उपोषण केले. डॉक्टर होऊ घातलेली मुले मतपेटीसाठी उपाशी बसतात, तेव्हा तो नुसता पोरखेळ नसतो.

मत मागायला गेली आणि ऐकून आली

भाचीच्या कॉलेजात एका वर्षाला दीडशे विद्यार्थी. चार वर्षांचे मिळून सहाशेच्या आसपास मतदार. प्रचाराला आठ दिवस. पहिल्या रात्री ती मैत्रिणीला घेऊन मुलींच्या हॉस्टेलमध्ये खोली खोली फिरली. गॅदरिंग मोठे करू, बाहेरच्या कॉलेजांना बोलावू, असे पाठ केलेले भाषण प्रत्येक दारात म्हणून आली. मुली हसून ‘हो हो’ म्हणाल्या. शेवटच्या वर्षाची एक सीनियर मात्र हसली नाही. ती म्हणाली, ‘ओपीडीत पेशंट आला की आधी तू बोलतेस की त्याला बोलू देतेस?’

दुसऱ्या दिवशी भाचीने शंभर पानी वही घेतली. दारात उभे राहून एवढेच विचारायचे, ‘तुम्हाला इथं कशाचा त्रास होतोय?’ आणि सांगतील ते खोली नंबर घालून लिहून घ्यायचे. मुलांची गाठ कॅन्टीनमध्ये आणि लायब्ररीच्या पायऱ्यांवर घ्यायची. आठ दिवसांत वही भरत आली. मोठ्या गॅदरिंगची मागणी त्यात चार जणांचीसुद्धा नव्हती. रविवारी रात्री मेस बंद असते, बाहेर जेवायला सगळ्यांकडे पैसे नसतात. मुलींच्या हॉस्टेलला सकाळी गरम पाणी नाही. पहिल्या वर्षाच्या एका मुलाने लिहून घ्यायला लावले की त्याला इंग्रजी लेक्चर अजून समजत नाही आणि हे तो कोणाला बोललेला नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेली ओळ एकच होती. लायब्ररीकडून मुलींच्या हॉस्टेलकडे येणाऱ्या रस्त्यावरचे दिवे बंद आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी हॉस्पिटलात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. देशभरचे डॉक्टर रस्त्यावर आले. त्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्या अंधाऱ्या रस्त्याबद्दल मुली काय बोलल्या असतील, हे ज्यांच्या घरात शिकायला बाहेर गेलेली मुलगी आहे त्यांना मी सांगायची गरज नाही. ताईने हे फोनवर ऐकले आणि त्या दिवसापासून ‘अभ्यास, अभ्यास’ म्हणणे बंद केले.

इकडचीही नाही, तिकडचीही नाही

आता भाऊजींच्या प्रश्नाकडे वळतो. त्या निवडणुकीत दोन गट पडले होते. एक कन्नड मुलांचा. दुसरा ‘बाहेरच्यां’चा, त्यात महाराष्ट्रातली मुले बरीच आणि थोडी उत्तरेकडची. प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी महाराष्ट्रातल्या मुलांनी भाचीला बोलावून घेतले. ‘तू आपली आहेस. आमच्या पॅनेलमधून उभी राहा, साठ मतं एकगठ्ठा तुझी.’ अट अशी की पॅनेलमधल्या बाकीच्यांसाठीही तिने मते मागायची आणि कन्नड गटाशी बोलणी करायची नाहीत.

वाचकहो, सीमाभागात वाढलेल्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी हा प्रश्न येतो. इथे आपण मराठी असतो. सोलापूर-पुण्याकडे गेलो की ‘तुम्ही कर्नाटकातले’ होतो. बेंगळुरूला गेलो की पुन्हा मराठी. भाचीच्या घरात तर आजीला ‘आजी’ आणि ‘अज्जी’ अशा दोन्ही हाका चालतात. तिने रात्री फोन केला. मी तिला काय म्हणालो ते प्रामाणिकपणे लिहितो. मी म्हणालो, ‘घे की मतं. निवडून आल्यावर सगळ्यांचं काम कर.’ व्यवहाराच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते, असे मला आजही वाटते. भाऊजी वेगळे बोलले. म्हणाले, ‘ज्यांच्याशी बोलायचं नाही अशी अट घालून मत देतात, ते उद्या काम करतानाही तीच अट घालणार.’

तिने अपक्ष राहायचे ठरवले. भाषणांच्या दिवशी प्रत्येकाला तीन मिनिटे होती. तिने इंग्रजीत सुरुवात केली, तेव्हा मागून कोणीतरी ओरडले, ‘कन्नडदल्ली माताडु!’ ती कन्नडमध्ये बोलली. टाळ्या पडल्या. शेवटचे दोन वाक्य मराठीत बोलायला गेली, तर त्याच टाळ्या वाजवणाऱ्यांतून शिट्ट्या आल्या आणि वेळ संपल्याची घंटा झाली. संध्याकाळी महाराष्ट्रातली मुले म्हणाली, ‘स्टेजवर गेल्यावर आपली भाषा विसरलीस.’ कन्नड गटातले म्हणाले, ‘शेवटी मराठीवर आलीच.’

निकाल लागला. भाची सतरा मतांनी हरली.

साठ मते नाकारली आणि सतरा मतांनी हरली, ही वजाबाकी आमच्या घरात प्रत्येकाने मनातल्या मनात केली. बोलून कोणी दाखवली नाही. ताई त्या रात्री जेवली नाही.

हरल्यानंतरचे आठ दिवस

निवडणुकीची खरी परीक्षा मला वाटते निकालानंतर असते. निवडून आलेला मुलगा दक्षिण कर्नाटकातला, कन्नड गटाचा. चौथ्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये भाचीपाशी आला आणि म्हणाला, ‘तुझ्या वहीत काय लिहिलंय ते मला देशील?’ तिला राग आला. ज्या वहीसाठी ती रात्री रात्री फिरली, ती ज्याने हरवले त्याला द्यायची? तिने एक रात्र मागून घेतली. त्या रात्री मला फोन आला नाही, आईबापालाही नाही. दुसऱ्या दिवशी तिने वही दिली. मात्र इंग्रजी न समजणाऱ्या त्या मुलाचे पान आधी काढून घेतले; ते त्याने तिला विश्वासाने सांगितले होते. बाकीच्या पानांसाठी अट घातली ती एकच. डीन साहेबांकडे जाताना मलाही न्यायचे.

दोघे मिळून गेले. सोबत मुलींच्या सह्यांचा अर्ज होता. पहिल्यांदा ‘बघू’ असे उत्तर मिळाले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, मग पुन्हा. जानेवारीत त्या रस्त्यावरचे दिवे लागले. मेस रविवारी रात्री पुलाव-भाजीपुरती का होईना, उघडी राहू लागली. गरम पाण्याचे काम काही झाले नाही. महाराष्ट्रातल्या गटातल्या दोघी-तिघी पुढे कितीतरी दिवस भाचीशी नीट बोलत नव्हत्या. सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही.

अभ्यासाची किंमतही मोजावी लागली. फार्माकॉलॉजीच्या कॉलेजातल्या परीक्षेत तिचे मार्क घसरले. पुढे युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत ती पास झाली, पण त्यासाठी दिवाळीची निम्मी सुट्टी पुस्तकात घातली.

आणि फायदा? २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे, कसे वागावे, याचे रीतसर शिक्षण ठेवले आहे. सुरुवातीच्या काळात स्थानिक भाषेची ओळखही करून देतात. म्हणजे सरकारलाही पटले आहे की औषध माहीत असणे पुरेसे नाही, माणसाला बोलते करता आले पाहिजे. दारात उभे राहून अनोळखी माणसाला ‘तुम्हाला कशाचा त्रास होतोय?’ विचारणे, त्याचे उत्तर मधेच न तोडता लिहून घेणे आणि नकार मिळाला तरी दुसऱ्या दिवशी त्याच दारावरून हसत जाणे, हे भाची त्या आठ दिवसांत शिकली. वॉर्डात पेशंटची हिस्ट्री घेताना ती आता घाई करत नाही, असे ती स्वतःच सांगते. सीमेवरच्या खेड्यातली एखादी म्हातारी ‘पोटात कालवतंय गं बाय’ म्हणाली की वॉर्डातली मुले हिला हाक मारतात. शिट्ट्या मिळालेली तीच भाषा तिथे कामाला येते.

पालकांना चार शब्द

आपल्यापैकी कोणाच्या घरी उद्या असा फोन आला, तर काय करावे? मी माझ्या अनुभवाने सांगतो. लगेच ‘नको’ म्हणू नये. आधी नियम मागवून घ्यावेत आणि मुलाकडूनच वाचून घ्यावेत. एमबीबीएसच्या परीक्षेला बसायला थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, त्याच्या खाली जाणार नाही एवढे कबूल करून घ्यावे. पैसे किती लागणार आणि कोण देणार, हे स्पष्ट विचारावे. मोठी रक्कम ‘मित्रांनी’ दिली म्हणाला, तर ते मित्र कोण याची चौकशी करावी. आमच्या भाचीचा सगळा खर्च ११४० रुपये झाला. कार्डशीट, स्केचपेन, झेरॉक्स, ती वही आणि मदत करणाऱ्या मैत्रिणींचा चहा. तिने भाऊजींना पै-पैचा हिशेब पाठवला आणि तो त्यांनी कपाटात जपून ठेवला आहे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. कोणत्या भाषेची, कोणत्या जातीची, कोणत्या गावची मते मिळणार, याची बेरीज आपण घरी बसून मुलांना शिकवू नये. ती बेरीज मला येत होती म्हणून मी तिला सल्ला दिला. तिने ऐकला नाही. ती हरली, हे खरे. पण हरल्यावर दोन्ही गटांच्या दारात जायची वाट तिची तिनेच उघडी ठेवली होती आणि रस्त्यावरचे दिवे त्या वाटेने गेल्यामुळे लागले, हेही तितकेच खरे.

त्या दिवाळीत भाची घरी आली तेव्हा फराळ करता करता मी तिला विचारले, ‘पुढच्या वर्षी परत उभी राहणार काय?’

‘सेक्रेटरीला एकदाच उभं राहता येतं मामा, नियम आहे तसा,’ ती म्हणाली. ‘कमिटीच्या मेंबरला राहता येतं. बघू की.’

आई चकली मोडत शेजारी बसली होती. ‘डॉक्टर की पुढारी’ विचारणारी तीच आई. ती म्हणाली, ‘मग मेंबर तरी हो. ते गरम पाण्याचं राहिलंय न्हवं?’